नाना शंकरशेट आणि पहिली आगगाडी

आपल्या नंदुरबार स्टेशनावरून रोज कितीतरी गाड्या जातात. काही सुरतेकडे जातात, काही भुसावळकडे. प्रवासी चढतात, उतरतात. मालगाड्या धडधडत निघून जातात. गाडी अर्धा तास उशिरा आली तर आपण कुरकुर करतो. पण एके काळी या देशात एकही रूळ नव्हता, हे आपल्या मनातही येत नाही.

आगगाडीचा शोध कोणी लावला, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले जॉर्ज स्टीफन्सन यांचे नाव सांगतील. खरे म्हणजे त्यांच्याही आधी, १८०४ साली, रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनी वाफेचे इंजीन रुळांवर चालवून दाखवले होते. स्टीफन्सन यांनी इंजिनात सुधारणा केल्या. १८२५ साली इंग्लंडात स्टॉक्टन ते डार्लिंग्टन ही रेल्वे सुरू झाली. आपल्याकडे पहिली प्रवासी गाडी धावली ती १८५३ साली. म्हणजे मध्ये २८ वर्षे गेली. या काळात इंजीन कसे चालते हे लोकांना ठाऊक होते. पुस्तके होती, नकाशे होते, जाणकार इंजिनिअरही होते. उणीव होती ती निराळ्याच गोष्टींची. पैसा एकाकडे होता, ज्ञान दुसऱ्याकडे आणि सत्ता तिसऱ्याकडे. ज्यांच्या शेतांतून रूळ जायचे ते लोक तर या साऱ्यांपासून दूर होते. या सगळ्यांना जोडणारी माणसे हवी होती. मुंबईत अशी जी थोडी माणसे पुढे आली, त्यांत नाना शंकरशेट यांचे नाव अगदी वर घ्यावे लागते.

नानांचे पूर्ण नाव जगन्नाथ शंकरशेट. घराण्याचे मूळ आडनाव मुरकुटे. त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. वडील शंकरशेट हे मुंबईतील मोठे व्यापारी होते. त्या काळी आजच्यासारख्या शाळा नव्हत्या, म्हणून नानांचे शिक्षण घरीच झाले. १८२२ साली वडील वारले, तेव्हा नाना अवघे १९ वर्षांचे होते. एवढ्या लहान वयात एवढी मोठी पेढी अंगावर पडली. दुसरा एखादा तरुण असता तर गोंधळून गेला असता, किंवा त्याने दौलत उधळून टाकली असती. नानांनी व्यापार सांभाळला आणि वाढवलाही.

त्यांची खरी दौलत मात्र तिजोरीत नव्हती, ती होती त्यांच्या शब्दात. मुंबईच्या बंदरात तेव्हा दूरदूरचे व्यापारी येत. अरब आणि अफगाण व्यापारी आपला ऐवज बँकेत ठेवण्याऐवजी नानांच्या हवाली करीत. धर्म वेगळा, भाषा वेगळी, देश वेगळा. तरी हा माणूस आपली ठेव बुडवणार नाही, अशी त्यांची खात्री होती. नानांची ही पत पुढे आगगाडीच्या कामी आली, म्हणून ती लक्षात ठेवा.

शिक्षणासाठी नानांनी जे केले त्यावर एक वेगळा पाठ लिहावा लागेल. मुंबईत शाळा काढण्यासाठी आणि पुस्तके छापण्यासाठी जी संस्था झाली, तिच्या कामात ते तरुणपणापासून होते. १८४० साली सरकारने शिक्षण मंडळ नेमले, त्यातही ते होते. तेथे एक मोठा वाद झाला. मुलांना इंग्रजीतून शिकवावे की त्यांच्या स्वतःच्या भाषेतून? मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे इंग्रजीच्या बाजूचे होते. नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे तिघे हिंदी सभासद मात्र देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान. आज आपण उर्दूतून गणित आणि विज्ञान शिकतो, तेव्हा हा जुना वाद आपल्याला परका वाटू नये. मुलींची शाळा काढायची वेळ आली तेव्हा नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यातच जागा दिली. त्यासाठी लोकांची बोलणीही त्यांनी ऐकून घेतली.

आता आगगाडीकडे वळू. त्यासाठी आधी आपल्या खानदेशातला कापूस आठवावा लागेल.

खानदेश आणि वऱ्हाड हे कापसाचे मुलूख. हा कापूस मुंबईच्या बंदरात जाई आणि तेथून जहाजाने इंग्लंडातल्या गिरण्यांत. पण बंदरापर्यंत तो जायचा कसा? बैलगाड्यांतून, नाहीतर बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून. तांडेच्या तांडे थळ घाट उतरून कोकणात जात. या प्रवासात आठवड्यांमागून आठवडे जात. वाटेत धूळ बसे, पाऊस लागे, गाठोडी फाटत. पांढराशुभ्र कापूस मळून, भिजून बंदरावर पोचे आणि त्याचा भाव पडे. पावसाळ्यात तर वाटाच बंद होत. ज्या वर्षी दुष्काळ पडे त्या वर्षी गुरांना वाटेत चारा मिळत नसे. एका भागात धान्य आहे आणि दुसऱ्या भागात माणसे उपाशी आहेत, तरी ते धान्य तिकडे नेता येत नाही, असेही होई.

१८४३ साली जॉर्ज क्लार्क नावाचे इंजिनिअर भांडुपला गेले होते. मुंबईपासून ठाण्याला आणि पुढे घाटांच्या पायथ्यापर्यंत लोहमार्ग नेता येईल, अशी कल्पना तेथे त्यांच्या मनात आली. त्यांनी ती मांडली. पण एकट्या इंजिनिअरच्या कल्पनेने रूळ पडत नाहीत. मुंबईतील व्यापारी, वकील आणि अधिकारी यांच्या बैठका सुरू झाल्या. १८४५ साली नाना आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी पुढाकार घेऊन रेल्वेसाठी एक मंडळी स्थापन केली. मुंबईला रेल्वे हवी आहे आणि तिच्यासाठी येथले लोक पैसा घालायला तयार आहेत, हे सरकारला दाखवून देणे, हा तिचा हेतू होता.

जमशेटजी कोण, हेही सांगायला हवे. त्यांचे बालपण नवसारीत गेले. नवसारी म्हणजे आपल्या जिल्ह्यापासून फार लांब नाही. गरिबीतून वर येऊन ते चीनच्या व्यापारात अफाट श्रीमंत झाले आणि त्यांनी तेवढाच मोठा दानधर्म केला. मुंबई आणि वांद्रे यांच्यामधली माहीमची खाडी ओलांडताना होड्या उलटत. तेथे रस्ता बांधण्यासाठी त्यांच्या पत्नी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले. हा रस्ता १८४५ साली खुला झाला. एकाच वर्षी पती रेल्वेच्या खटपटीत आणि पत्नीच्या पैशातून खाडीवर रस्ता, अशी ती गंमत आहे.

मुंबईची ही मागणी लंडनला गेली, कारण तेव्हा राज्य ईस्ट इंडिया कंपनीचे होते. कंपनीच्या संचालकांना अनेक शंका होत्या. १८४५ च्या मे महिन्यात त्यांनी हिंदुस्थानात जे पत्र पाठवले, त्यात त्या एकामागून एक लिहिल्या होत्या. येथला पाऊस आणि पूर रूळ वाहून नेतील का? येथले वारे आणि ऊन लोखंडाला सोसतील का? रुळांखालचे लाकूड वाळवी आणि किडे खाऊन टाकतील का? झाडेझुडपे वाढून मार्ग बुजवून टाकतील का? कुंपण नसलेल्या मोकळ्या रानातून गाडी न्यायची कशी? आणि हे सारे सांभाळणारे इंजिनिअर मिळायचे कोठून?

या शंका ऐकून हसू नका. त्या खोट्या नव्हत्या. इंग्लंडात जे यंत्र उत्तम चालते ते कोकणातल्या पावसात तसेच चालेल असे नाही. पण लंडनमध्ये बसून या प्रश्नांची उत्तरे मिळणार नव्हती. कागदावर कितीही हिशेब केला तरी वाळवीने लाकूड खाल्ले की नाही, हे लाकूड जमिनीत पुरल्यावरच कळते. म्हणून शेवटी असे ठरले की आधी एक छोटा मार्ग प्रयोगासाठी बांधावा. मुंबईपासून कल्याणच्या बाजूला सुमारे ३५ मैल. तो टिकला तर पुढे घाट चढायचे.

तरीही अडचणी संपल्या नाहीत. १८४७ साली इंग्लंडात व्यापारावर मोठे संकट आले आणि रेल्वेसाठी पैसा मिळणे कठीण झाले. दूरच्या मुलखातल्या, कोणी न पाहिलेल्या रेल्वेत इंग्लंडातले लोक पैसे का घालतील? तेव्हा सरकारने जमीन फुकट द्यायचे आणि भांडवलावर दर साल ५ टक्के व्याजाची हमी द्यायचे कबूल केले. म्हणजे सरकार जामीन राहिले. हा शब्द तुम्हांला घरचाच वाटेल. या सौद्यातली एक गोष्ट मात्र मनाला टोचते. रेल्वेला तोटा झाला तर तो भरून निघायचा तो हिंदी रयतेच्या करातून. पुढे दादाभाई नौरोजी यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी या पद्धतीवर कडक टीका केली, ती योग्यच होती.

१ ऑगस्ट १८४९ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीला इंग्लंडात कायद्याने मान्यता मिळाली. मुंबईतील संचालकांत नाना आणि जमशेटजी हे दोघे हिंदी होते. कंपनीचे सुरुवातीचे कामकाज नानांच्या वाड्यात चाले, असे सांगतात. स्टीफन्सन यांचे पुत्र रॉबर्ट हे कंपनीचे सल्लागार इंजिनिअर झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले जेम्स बर्कले हे मुख्य इंजिनिअर म्हणून १८५० साली मुंबईला आले.

येथे कामाची वाटणी कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. बर्कले यांना मोजणी येत होती, पण येथली जमीन आणि माणसे त्यांना माहीत नव्हती. ती नानांना आणि त्यांच्यासारख्या शेटसावकारांना माहीत होती. रुळांची रुंदीही येथल्यासाठी वेगळी ठरली. इंग्लंडात ती ४ फूट ८॥ इंच होती. आपल्याकडे लॉर्ड डलहौसी यांनी ती ५ फूट ६ इंच ठरवली. आज नंदुरबारवरून जाणारी गाडी याच रुंदीच्या रुळांवर धावते.

३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ पहिली कुदळ पडली. मग भराव घालणे, दलदल बुजवणे, पूल बांधणे सुरू झाले. इंग्लंडातल्या व्हल्कन कारखान्यातून ८ इंजिने जहाजाने आली. १८५२ च्या फेब्रुवारीत भायखळ्याजवळ पहिले इंजीन रुळांवर फिरू लागले, तेव्हा ते पाहायला लोकांची झुंबड उडाली. बैल नाही, घोडा नाही आणि गाडा धावतो! कोणी त्याला भूत म्हटले, कोणी लोखंडी राक्षस. घाटावरच्या लोकांनी पुढे त्याला चाक्या म्हसोबा असे नाव दिले, असे सांगतात. नाव गमतीचे आहे, पण त्यामागे भीती होती. अशा वेळी सरकारी हुकुमाने भीती जात नाही. आपल्या ओळखीचा, विश्वासाचा माणूस त्या गाड्यात बसला, तर जाते.

१६ एप्रिल १८५३. दुपारचे साडेतीन वाजून गेले होते. बोरीबंदरावर १४ डब्यांची गाडी उभी होती. तिला एक नव्हे, तीन इंजिने जोडली होती. सिंध, सुलतान आणि साहिब अशी त्यांची नावे होती. सुमारे ४०० पाहुणे डब्यांत बसले. त्यांत नानाही होते. २१ तोफांची सलामी झाली, गव्हर्नरांचा बँड वाजला. स्वतः गव्हर्नर साहेब मात्र आदल्या दिवशीच थंड हवेच्या ठिकाणी निघून गेले होते! गाडी हलली. दोन्ही बाजूंना, घरांच्या छपरांवर, झाडांवर माणसेच माणसे होती. ठाणे २१ मैलांवर, म्हणजे ३४ किलोमीटर. गाडी तेथे सुमारे तासाभरात पोचली. ज्या नानांनी १८४५ साली पहिली मंडळी जमवली होती, त्यांना या एका तासासाठी आठ वर्षे वाट पाहावी लागली होती.

दुसऱ्या वर्षी, १ मे १८५४ रोजी, गाडी कल्याणला गेली. प्रयोगाचा मार्ग पुरा झाला. पावसाने तो वाहून नेला नाही. वाळवीचा त्रास झालाच. त्यावर कोणते लाकूड टिकते हे वापरून पाहावे लागले आणि पुढे काही ठिकाणी लोखंडी स्लीपरही घातले गेले. लंडनच्या पत्रातल्या शंकांची उत्तरे अशी रुळांवरच मिळत गेली.

खरी परीक्षा पुढे होती, ती घाटांची. बर्कले यांनी बोर घाट आणि थळ घाट यांची वर्षानुवर्षे मोजणी केली, अनेक वाटा तपासल्या, नकाशे रॉबर्ट स्टीफन्सन यांच्याकडे पाठवले. आपल्या अभ्यासावर त्यांनी मुंबईत आणि लंडनमध्ये निबंध वाचले, म्हणजे दुसऱ्या इंजिनिअरांना त्यातल्या चुका दाखवता याव्यात. बोर घाटात सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढायचे होते. त्यासाठी २५ बोगदे खोदावे लागले. एके ठिकाणी तर वळायलाच जागा नव्हती. तेथे असे स्टेशन केले की गाडी आत शिरायची, इंजीन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी उलट दिशेने वर चढायची. ही युक्ती १९२९ पर्यंत वापरात होती.

या कामावर एका वेळी ४०,००० हून अधिक मजूर राबत होते. उंच कड्यांवरून दोरांनी लोंबकळत ते सुरुंगासाठी भोके पाडीत. पटकीने, तापाने, दरडी कोसळून कितीतरी मेले. १८५९ च्या जानेवारीत मजुरीवरून दंगा झाला आणि पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. त्याच वर्षी सॉलोमन ट्रेडवेल हे दुसरे कंत्राटदार आले आणि थोड्याच दिवसांत आजाराने वारले. तेव्हा त्यांची पत्नी अ‍ॅलिस हिने धीर न सोडता कंत्राट आपल्याकडे घेतले आणि पुरे करून दाखवले. बर्कले यांची प्रकृतीही या कामात ढासळली. ते १८६२ साली इंग्लंडात वारले. बोर घाटातून गाडी सुरू झाली ती १८६३ साली. थळ घाटाचा मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. ज्या घाटातून बंजाऱ्यांचे बैल कापूस घेऊन उतरत होते, तेथून आता मालगाड्या उतरू लागल्या. बोगद्यांवर बर्कले यांचे नाव लोक निदान इतिहासात वाचतात. मजुरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

सरकारबरोबर काम केले म्हणून नाना सरकारचे होयबा झाले नाहीत. पहिले इंजीन मुंबईत फिरू लागले त्याच वर्षी, २६ ऑगस्ट १८५२ रोजी, त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी बॉम्बे असोसिएशन स्थापन केली. कंपनी सरकारच्या कारभारातले दोष दाखवणारा अर्ज या संस्थेने थेट इंग्लंडच्या पार्लमेंटकडे पाठवला. १८५७ च्या उठावाच्या वेळी नानांवर सरकारला संशयही आला होता. ज्या माणसाने रेल्वेसाठी सरकारला मदत केली, त्याच्याकडेच सरकार संशयाने पाहत होते! पुरावा काही मिळाला नाही आणि ते प्रकरण मिटले. १८६२ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांची नेमणूक झाली.

३१ जुलै १८६५ रोजी नाना वारले. दोन्ही घाटांतून गाडी गेलेली त्यांनी पाहिली. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. मुंबईत जमिनीखालून धावणाऱ्या नव्या मेट्रोच्या एका स्टेशनालाही त्यांचे नाव दिले आहे.

आपल्या नंदुरबारला गाडी यायला मात्र त्यानंतरही बराच वेळ लागला. थळ घाटातून आलेला मार्ग चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा गेला. तापीच्या या बाजूचा मुलूख बाजूलाच राहिला. विसावे शतक उजाडायच्या सुमारास तापी व्हॅली रेल्वे कंपनीने सुरतेपासून अमळनेरपर्यंत मार्ग बांधला, तेव्हा नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा येथे पहिली शिट्टी ऐकू आली. हा मार्ग आता दुहेरी झाला आहे आणि विजेवर चालतो. नवापूरचे स्टेशन तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. सातपुड्याच्या कुशीतल्या अक्राणी भागात मात्र अजूनही रूळ गेलेला नाही. तेथल्या मुलांना गाडी पाहायची असेल, तर घाट उतरून खाली यावे लागते.